रोल्स-रॉइसचं नाव नक्की कशावर उभं आहे? गॅरेजमधून दिलेलं सविस्तर उत्तर

प्रश्नात चार गोष्टी विचारल्यात. रोल्स-रॉइसला जगातली सर्वोत्तम गाडी म्हणायचे त्यात तथ्य किती, अलवरच्या महाराजांनी रोल्सच्या कचरागाड्या केल्या ते खरं का, कंपनी बीएमडब्ल्यूकडे गेल्यावर जुनं काय उरलं, आणि ओळखीतल्या एका काकांना जुनी सिल्व्हर शॅडो मिळतेय ती घ्यावी का. मी जुन्या इंग्लिश गाड्यांची इंजिनं खोलून बसवण्याचंच काम करतो, त्यात रोल्स बऱ्याच आल्या, त्यामुळे पाना हातात घेतल्यावर जे दिसतं तिथूनच बोलतो.

आधी सरळ उत्तर. हो, एका काळात ती खरोखरच सर्वोत्तम होती, आणि ती कीर्ती मऊ सीटा, अक्रोडाचं लाकूड किंवा बॉनेटवरची परी यांनी मिळवलेली नाही, गाडी वाटेत बंद पडत नव्हती म्हणून मिळाली. १९०५-०६ च्या सुमाराला गाडी घेऊन लांब निघायचं म्हणजे परत कधी येणार याचा भरवसा नसायचा, टायर फुटायचे, इग्निशन जायचं, बेअरिंग वितळायचं, पैसेवाला माणूस ड्रायव्हर ठेवायचा तो गाडी चालवायला कमी आणि रस्त्यात दुरुस्त करायलाच जास्त. त्या दिवसात हजारो मैल बिनतक्रार चालणारी गाडी करून दाखवणं ही केवढी गोष्ट होती ते आज कल्पनेत पण येत नाही.

हे केलं हेन्री रॉइसने. लोकांना रोल्स हे नाव आधी आठवतं, पण मला विचाराल तर सगळा पाया रॉइसचा. जन्म १८६३, पीटरबरोजवळच्या अ‍ॅलवॉल्टन गावात, वडील गिरणीवाले, ते लवकर गेले, पोराने पेपर विकले, तारा वाटल्या, मग रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली ती पण पैशाअभावी अर्धवट सुटली. पुढे मँचेस्टरला कुक स्ट्रीटवर इलेक्ट्रिकच्या घंट्या, डायनॅमो, क्रेन असलं बनवायचा कारखाना काढला. त्याने एक वापरलेली फ्रेंच डेकोव्हिल गाडी घेतली, तिचा एकेक भाग खोलून बघितला आणि तो नीट कसा करता येईल यावर बसला. १ एप्रिल १९०४ ला त्याची स्वतःची दोन सिलिंडरची १० हॉर्सपॉवरची गाडी रस्त्यावर आली. बघा, त्याने नवीन शोध असा काही लावला नव्हता, जे होतं तेच इतकं नेटकं केलं की गाडीचा आवाजच कमी झाला. आयुष्याच्या शेवटी सरकारने बॅरोनेट हा सरदारकीचा किताब दिला तरी हा माणूस स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घ्यायचा, आणि माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने याचा अभिमान बाळगावा असं मला मनापासून वाटतं.

चार्ल्स रोल्स अगदी उलट घरातला. लॉर्डचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकायचा आणि त्याच्या मनात सारखं हेच की विकण्यासारखी इंग्लिश गाडी का नाही. दोघं ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात भेटले, रोल्सने गाडी चालवून बघितली, आणि वर्षअखेरीस करार झाला की रॉइस जेवढ्या बनवेल तेवढ्या सगळ्या रोल्स विकणार आणि नाव दोघांचं लागणार. रोल्सला पुढे विमानाचं वेड लागलं आणि १२ जुलै १९१० ला बोर्नमथला राइट बंधूंच्या बनावटीचं विमान कोसळून तो गेला, वय फक्त ३२. म्हणजे ज्या काळात कंपनीचं नाव सगळ्यात जास्त गाजलं त्यातला बराचसा भाग त्याने बघितलाच नाही.

आता इंजिनाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. रॉइसने सुरुवातीला एक सहा सिलिंडरची ३० हॉर्सपॉवरची गाडी केली होती, तिचे क्रँकशाफ्ट तुटायचे. कारण असं की सहा सिलिंडरचा क्रँक लांब असतो, एका टोकाला स्फोटाचा धक्का बसला की तो किंचित पिळला जातो आणि परत सुटतो, हे पिळणं-सुटणं एका ठराविक स्पीडला एकमेकांत मिसळून वाढत जातं आणि शेवटी पोलाद थकून तुटतं. त्या वेळी सहा सिलिंडरवाले सगळेच यात अडकले होते, कित्येकांना रोग काय आहे तेच कळलं नव्हतं. रॉइसने पुढच्या गाडीला, म्हणजे १९०६ च्या ४०/५० नावाच्या मॉडेलला, क्रँक जाड केला, त्याला सात मेन बेअरिंग दिली, सिलिंडर तीन-तीनच्या दोन ब्लॉकमध्ये अशा तऱ्हेने मांडले की दोन्ही अर्ध्यांचे धक्के एकमेकांना मारतील, आणि तेल पंपाने दाब देऊन थेट बेअरिंगपर्यंत पोचवलं. पुढे क्रँकवर पिळ मारणारा डँपर पण आला. ७०३६ सीसीच्या एवढ्या मोठ्या इंजिनातून त्याने जेमतेम ४८ हॉर्सपॉवर काढली, ती पण साधारण १२०० आरपीएमला. आजची पोरं हा आकडा ऐकून नाक मुरडतात, पण यातच सगळं आहे. इंजिनाला ओढून ताणून ताकद काढायचीच नाही, ते कायम आरामात चाललं पाहिजे, मग ते पन्नास वर्षं चालतं.

असं इंजिन खोललं की काय दिसतं ते सांगतो. जे भाग बाहेरून कुणाला कधीच दिसणार नाहीत, कनेक्टिंग रॉड, रॉकर, कंट्रोलचे छोटे छोटे दांडे, ते सुद्धा घासून गुळगुळीत केलेले. हा नुसता हौसेचा भाग नाही, पोलादावर ओरखडा राहिला की तिथून तडा सुरू होतो, म्हणून घासायचं. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, साधे रिव्हेट मारून भागलं असतं तिथे पण भोकं रीमरने निमुळती करून निमुळते बोल्ट बसवलेत, त्यामुळे शंभर वर्षांनी पण जोड हलत नाही आणि चासी कुरकुरत नाही. व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचं बेअरिंग, कुठे टेकतं ते कळायला निळा रंग लावून, खरडत खरडत बसवायला आजही कित्येक दिवस जातात आणि त्यात घाई केली की इंजिन लगेच चुगली करतं. मी नवीन पोरांना हेच दाखवतो की बाबा हे बघ, त्या काळी सीएनसी सोडा, धड मोजमापाची साधनं नव्हती आणि फिटरच्या हाताने हे झालंय.

पण नुसती चांगली गाडी करून नाव होत नाही, ते लोकांना पटवावं लागतं, आणि इथे तिसरा माणूस येतो ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, क्लॉड जॉन्सन. रोल्स आणि रॉइस यांच्यामधली जोडरेघ म्हणजे जॉन्सन असं इंग्लंडमध्ये म्हणायचे ते काही उगाच नाही. हा आधी ऑटोमोबाइल क्लबचा सेक्रेटरी होता, १९०० ची हजार मैलांची ट्रायल त्यानेच भरवलेली, त्यामुळे लोकांचा विश्वास कशाने बसतो हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने १९०७ मध्ये ४०/५० ची एक गाडी घेतली, तिला चंदेरी रंग दिला, चांदीचा मुलामा दिलेले दिवे लावले आणि नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट. एकाच गाडीचं ते नाव होतं, पुढे सगळ्या ४०/५० ला तेच चिकटलं. ही गाडी क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली लंडन-ग्लासगो मार्गावर दिवसरात्र पळवली, एकूण १५,००० मैल. ६२९ मैलांवर हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला म्हणून गाडी थांबली, तेवढंच. त्यानंतर १४,३७१ मैल ती स्वतःहून एकदाही थांबली नाही. मग क्लबच्या लोकांनी गाडी पूर्ण खोलली, झिजलेलं सगळं मोजलं, आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या पार्टचा खर्च निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स.

मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. जाहिरात करायची तर अशी करा ना! तिऱ्हाईत माणसाला बोलवायचं, त्याच्यासमोर गाडी पळवायची, त्यालाच खोलायला लावायची आणि बिल छापायचं. १९११ ला नेपियर या दुसऱ्या इंग्लिश गाडी कंपनीशी चुरस लागली तेव्हा पण तेच, लंडन ते एडिंबरा आणि परत, अख्खं अंतर टॉप गिअरमध्ये, मैलांचा हिशोब २४.३२ मैल प्रति गॅलन, आणि वर तीच गाडी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर ताशी ७८ मैलांनी पळवून दाखवली. आणि जिथे कमी पडले तिथे गप्प बसले नाहीत. १९१२ च्या आल्प्सच्या स्पर्धेत एका खाजगी मालकाची, जेम्स रॅडलीची रोल्स ऑस्ट्रियातल्या काट्शबर्ग घाटात अडकली, तीन गिअरचा बॉक्स होता, पहिला गिअर त्या चढाला पुरला नाही. कंपनीला ते फार लागलं. वर्षभरात चार गिअरचा बॉक्स केला, रेडिएटर आणि थंड ठेवायची व्यवस्था सुधारली, आणि १९१३ ला सगळी टीम नेऊन तेच डोंगर असे पार केले की स्पर्धेत बाकी कुणाची चर्चाच उरली नाही.

यात आपला पण एक धागा आहे आणि तो आपल्याकडच्या फार लोकांना माहीत नसतो. १९०८ ला मुंबई-कोल्हापूर अशी रिलायबिलिटी ट्रायल झाली, एकूण ६२० मैल, सह्याद्रीचे घाट चढत उतरत. कंपनीने त्यात एक ४०/५० उतरवली होती, तिचं नाव पर्ल ऑफ द ईस्ट, चालवणारा फ्रँक नॉर्बरी, आणि तिने ती ट्रायल मारली. ती गाडी लगेच ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. आता विचार करा, डांबर नाही, पूल कमी, मे महिन्यात आजही घाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात, आणि तिथे १९०८ ची गाडी. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी रोल्स एवढ्या घेतल्या त्याचं कारण लोक थाटमाट हेच सांगतात, थाट होताच, पण घाट, धूळ आणि उन्हाळा सोसून चालणारी दुसरी गाडी मिळत नव्हती हे कारण त्याच्या आधीचं आहे. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी आठ रोल्स आणल्या होत्या त्या पण लाटसाहेबांची गाडी मिरवणुकीत बंद पडून चालणार नव्हती म्हणूनच. पहिल्या महायुद्धात याच चासीवर चिलखती पत्रा चढवून लढाईच्या गाड्या केल्या आणि त्या वाळवंटात चालल्या. लक्झरी गाडीवर कुणी असा भरवसा टाकेल का?

नावामागची आणखी एक गोष्ट म्हणजे विक्रीनंतरची निगा. कंपनी मालकांच्या ड्रायव्हरना बोलावून शिकवायची, त्यासाठी तिची शाळाच होती, आणि कंपनीचे निरीक्षक मालकाच्या दारात जाऊन चासी तपासायचे. मला वाटतं गाडी टिकण्याचं निम्मं श्रेय याला द्यायला हवं. कारण ग्रीसिंग वेळेवर न झालेली रोल्स कुठल्याही गाडीइतकीच खराब होते. पुढे फँटम टू या मॉडेलला त्यांनी पायाने एक पेडल दाबलं की चासीभर तेल जाईल अशी सोय केली ती पण याच विचाराने.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस कंपनी अख्खी गाडी विकतच नव्हती. इंजिन, चासी, रेडिएटर एवढंच द्यायची, आणि मालक ते घेऊन बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मॅबरली अशा कोचबिल्डरकडे जायचा, जसं कापड घेऊन शिंप्याकडे जावं तसं. त्यामुळे राजेमहाराजांच्या गाड्यांवरच्या सोन्याचांदीच्या नक्षीच्या, सिंहासनाच्या, शिकारीच्या बंदुकांच्या कप्प्यांच्या ज्या कथा आहेत ती कोचबिल्डरची करामत. राजकोटच्या महाराजांची १९३४ ची केशरी फँटम टू, स्टार ऑफ इंडिया म्हणतात ती, तिची बॉडी थ्रप अँड मॅबरलीची. कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यातून बॉडीसकट तयार रोल्स निघायला लागली ती १९४९ च्या सिल्व्हर डॉनपासून. म्हणून जुनी रोल्स बघायला गेलात तर दोन वेगळ्या गोष्टी तपासताय हे डोक्यात ठेवा, चासीचा नंबर वेगळा इतिहास सांगतो आणि बॉडी वेगळा, कित्येक चासींवर आयुष्यात दोन-तीन बॉड्या चढल्यात.

यावरूनच अलवरकडे वळतो. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, महाराज लंडनच्या शोरूममध्ये साध्या कपड्यात गेले, सेल्समनने हाकललं, त्यांनी सहा-सात गाड्या घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या, मग कंपनीने माफी मागितली. वाचायला फार छान वाटते, आपल्या माणसाने साहेबाचा माज उतरवला म्हणून छाती फुगते, मी समजू शकतो. पण त्या काळातला एक कागद, एक तार, एक फोटो यासाठी कुणी पुढे आणलेला नाही. आणि हीच गोष्ट कधी अलवरच्या नावाने सांगतात, कधी भरतपूरच्या, कधी पटियाळाच्या, कधी निजामाच्या, सांगणारा बदलला की राजा बदलतो. कुठल्या खऱ्या घटनेचं असं होत नाही. जुन्या रोल्सच्या चासीवर मालवाहू बॉडी चढवून ती कामाला लावायची पद्धत मात्र जगभर होती, रुग्णवाहिका झाल्या, ट्रक झाले, कारण बॉडी कुजली तरी इंजिन मरायचं नाव घेत नव्हतं. माझ्या मते गोष्टीचं मूळ अशा कुठल्यातरी उतारवयातल्या गाडीत असावं. तसंच आर-आर चं अक्षर लाल होतं ते रॉइसच्या मृत्यूचा शोक म्हणून काळं केलं असं सांगतात, तेही बरोबर नाही, लाल रंग गिऱ्हाइकाच्या बॉडीच्या रंगाशी जमत नाही म्हणून तो बदल झाला.

संस्थानांच्या गाड्यांचं पुढे काय झालं हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. १९७१ ला तनखे बंद झाले, राजवाड्यांचे खर्च झेपेनात, आणि रोल्स कवडीमोलाने गेल्या, बऱ्याच परदेशात गेल्या, काही कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या शेडमध्ये पडून राहिल्या. वाचल्या त्यातल्या काही मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत दिसतात. शक्य झालं तर एकदा जाऊन बघा, आणि बघताना रेडिएटरच्या कडा नीट निरखा. त्या डोळ्याला सरळ दिसतात पण प्रत्यक्षात किंचित फुगीर असतात, ग्रीक देवळांच्या खांबांना असते तशी, एकदम सरळ ठेवल्या तर मध्ये आत गेल्यासारख्या भासतात म्हणून. हे काम पत्र्याला हाताने आकार देत करायचे.

मग सर्वोत्तम ही पदवी गेली कधी? माझं मत सांगतो, यावर वाद होईल. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात आणि अमेरिकेत बाकीचे पुढे आले. चारही चाकांना ब्रेक देताना रोल्सने १९२४ ला हिस्पानो-सुइझा या दुसऱ्या गाडी कंपनीच्या सर्व्होचं, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या यंत्राचं, लायसन्स घेतलं, म्हणजे तोपर्यंत हिस्पानोवाले तिथे पुढे गेलेले होते. यात मला कमीपणा वाटत नाही, रॉइसचा स्वभावच तो, चांगलं दिसलं की घ्यायचं आणि आणखी चांगलं करायचं. १९३६ च्या फँटम थ्री मध्ये व्ही-१२ आलं, अप्रतिम इंजिन, पण त्याचे हायड्रॉलिक टॅपेट तेलात जरा गाळ झाला की अडकायचे, कंपनीने नंतर साधे टॅपेट दिले. १९३३ ला रॉइस गेला होता, तो असता तर असं इंजिन बाहेर पडलं असतं का असं मला वाटत राहतं. शेवटची बरीच वर्षं तो आजारपणामुळे कारखान्यापासून लांब, फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमधल्या वेस्ट विटरिंग गावाला राहायचा, ड्रॉइंग त्याच्याकडे यायची, तो तपासून परत पाठवायचा, इतका जीव अडकलेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांचा कारखाना इंग्लंडमधल्याच डर्बीहून क्रू गावाला गेला आणि ओळख हळूहळू बदलली. भरवशाची गाडी याऐवजी शांत, प्रतिष्ठित गाडी. त्यात १९५८ ची, डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्याने लिहिलेली जाहिरात, ताशी ६० मैलांना या गाडीत सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा येतो अशी, ती खूप गाजली. जाहिरातीच्या कॉलेजात ती आजही शिकवतात, पण अशीच ओळ १९३३ ला पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकन गाडीच्या जाहिरातीत येऊन गेली होती. मला खटकतं ते वेगळंच. १९०७ ला लोकांना दुरुस्तीचं बिल दाखवलं होतं, १९५८ ला घड्याळाचा आवाज ऐकवला. दोन्ही खरंच होतं, पण पहिलं जास्त भारी होतं.

कंपनी बुडाली ती गाड्यांमुळे नाही, हे पण सांगून टाकतो. लॉकहीडच्या विमानासाठी आरबी-२११ हे जेट इंजिन बनवताना खर्च हाताबाहेर गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ ला रोल्स-रॉइसने हात वर केले. सरकारने विमान इंजिनांचा धंदा ताब्यात घेतला, गाड्यांची कंपनी १९७३ ला वेगळी झाली. तेव्हापासून विमानाच्या इंजिनवर दिसतं ते नाव आणि गाडीवरचं नाव या दोन निराळ्या कंपन्या आहेत. गाड्यांची कंपनी १९८० ला व्हिकर्स या इंग्लिश कंपनीकडे गेली आणि १९९८ ला विकायला निघाली. फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून क्रूचा कारखाना, रेडिएटरचा आकार, परी सगळं घेतलं, पण रोल्स-रॉइस हे नाव होतं विमान इंजिनवाल्यांच्या मालकीचं, आणि त्यांनी ते ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिलं. शेवटी तडजोड झाली, २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगन रोल्स बनवणार, २००३ पासून बीएमडब्ल्यू, क्रू आणि बेंटली फोक्सवॅगनकडे राहणार. म्हणजे बारकाईने बघितलं तर क्रूची माणसं, हत्यारं आणि परंपरा बेंटलीच्या वाट्याला गेली आणि बीएमडब्ल्यूला मिळालं नाव. त्यांनी इंग्लंडमध्येच गुडवुडला नवीन कारखाना बांधून २००३ ला फँटम काढली.

तर तिच्यात जुनं काय उरलं? इंजिन जर्मन, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा पण जर्मनीत बनायचा, आणि बरेच जण यावरून तिला खरी रोल्स मानत नाहीत. मी मानतो. ६.७५ लिटरचं व्ही-१२ त्यांनी मुद्दाम कमी आरपीएमवर भरपूर जोर देईल असं ठेवलं, ओढून ताणून नाही, रॉइसला हे पटलं असतं. बाहेरून चांगली वस्तू घेऊन आपल्या रीतीने करणं हे तर डेकोव्हिलपासून चालत आलंय, सिल्व्हर शॅडोचा गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा होता आणि सस्पेन्शनसाठी सिट्रोएनचं लायसन्स. २०२३ ला कंपनीने ६०३२ गाड्या विकल्या, तो त्यांचा विक्रम, आणि त्याच वर्षी स्पेक्टर ही पूर्ण इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर आली. आवाज नाही, कंप नाही, या नावाला इलेक्ट्रिक मोटर शोभते. माझी तक्रार एकच आहे, आता सगळी चर्चा छतावरचे तारे, रंग, शिवणकाम यांचीच चालते, गाडी खोलून आत काय आहे ते दाखवायची हिंमत ही कंपनीची मूळ सवय होती, ती परत दिसायला हवी.

आता काकांची शॅडो, इथे जरा लक्ष द्या कारण पैसे जाणार आहेत. सिल्व्हर शॅडो १९६५ ला आली, वेगळी चासी नसलेली पहिली रोल्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागचं सस्पेन्शन ओझ्याप्रमाणे उंची राखणारं. संख्येने भरपूर बनली म्हणून इतर रोल्सच्या मानाने स्वस्त मिळते, पण घेताना स्वस्त आणि ठेवताना महाग. इंजिन, ६.२ किंवा १९७० नंतरचं ६.७५ लिटरचं व्ही-८, ते दणकट आहे, फक्त कूलंटची हयगय झालेली असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आतून खातो, लायनरची सील जातात, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा रंग बघा आणि गाडी अर्धा तास एका जागी चालू ठेवून तापमान बघा, पाच मिनिटांत समाधान मानू नका.

खरी परीक्षा ब्रेकच्या हायड्रॉलिकची. इंजिनवर चालणारे दोन पंप आणि नायट्रोजन भरलेले दोन गोळे दाब साठवतात. इंजिन गरम करा, बंद करा, चावी ऑन ठेवा आणि ब्रेक पेडल मोजत मोजत दाबा. पंचवीस-तीस वेळा दाबूनही प्रेशरचा दिवा लागला नाही तर गोळे जिवंत आहेत, पाच-सात वेळातच लागला तर गोळे संपलेत आणि बहुतेक वेळा त्याबरोबर पाइप, होस, कॅलिपर सगळंच करायला लागतं. ऑइल कुठलं टाकलंय ते विचारा. या गाडीला कंपनीचं आरआर-३६३ लागतं, त्यात वंगणाचा गुण असतो, साधं ब्रेक ऑइल टाकून गाडी चालते त्यामुळे कुणाला काही वाटत नाही आणि आतले व्हॉल्व्ह झिजत राहतात. शॅडोनंतर आलेल्या, १९८० नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला तर मिनरल ऑइल लागतं, एकाचं दुसऱ्यात गेलं तर सगळी रबरं फुगतात, मग तो खर्च मी आकड्यात सांगत नाही, झोप उडेल.

गंज बघायचा तर दारं, बॉनेट, डिकी बघून उपयोग नाही, ती अ‍ॅल्युमिनियमची आहेत आणि छानच दिसतील. दाराखालचे उंबरे, चाकांच्या कमानी आणि मागच्या सस्पेन्शनचे जोड गाडी वर उचलून बघा, मुंबई-कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या. कागद नीट तपासा, आयातीचे आणि कस्टमचे जुने कागद, इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतो का. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पण मग रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही, लग्नाला देऊन खर्च काढू असा काकांचा विचार असेल तर तो आधीच सोडायला सांगा.

आणि घेतलीच तर महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढून पंधरा-वीस किलोमीटर चालवा, सगळे ब्रेक वापरा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. कव्हर घालून उभी केलेली शॅडो चालणाऱ्या शॅडोपेक्षा लवकर खराब होते. बघायला जाताना मोबाइलवर खालच्या बाजूचे फोटो आणि इंजिन थंड असताना पहिल्यांदा चालू करतानाचा व्हिडिओ काढून घ्या, आवाजासकट. मालक गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.